पुढे शाळा आहे

(संस्थेच्या वर्धापनदिनी रुग्णालय प्रशासनाच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनी प्रशासनाने काय बोलावे याचा एक परिपाठ ठरलेला आहे. बाह्यरुग्ण विभागात किती रुग्ण तपासले गेले, शस्त्रक्रिया किती झाल्या, कोणते नवे यंत्र कोणाच्या औदार्याने आले, हे सांगून आभार मानावेत आणि खाली बसावे, असा हा परिपाठ आहे. तो सर्व तपशील या अहवालाच्या पुढील पानांवर कोष्टकांसह दिलेला आहे आणि लेखापरीक्षकांनी तो तपासलेलाही आहे. त्याची पुनरुक्ती न करता, कोणत्याही कोष्टकात न बसणाऱ्या एका विषयाबद्दल आज आम्ही आपल्यापुढे निवेदन करू इच्छितो. तो विषय म्हणजे आपल्या रुग्णालयापुढची गल्ली.

ही गल्ली आपण सर्वजण जाणता. मुख्य रस्त्यावरून आत वळले की जेमतेम तीनशे मीटरांवर ती मागच्या रस्त्याला मिळते. वळणापासून काही अंतरावर आपले फाटक आहे आणि त्याच्या पुढे, समोरच्या बाजूस, साधारण पन्नास पावलांवर प्राथमिक शाळेचे फाटक आहे. शाळा आपल्या संस्थेहून जुनी. दोन्ही बाजूंना घरे, एक किराणा दुकान, एक पिठाची गिरणी आणि संध्याकाळी पारावर बसणारी वडीलधारी मंडळी. पुण्यातल्या अनेक वस्त्यांप्रमाणे ही गल्लीदेखील पायी चालणाऱ्यांसाठी आखलेली होती. पुढे मुख्य चौकात सिग्नल आला, सिग्नलवर रांगा लागू लागल्या आणि त्या टाळण्यासाठी दुचाकी व मोटारी या गल्लीतून निघू लागल्या. चौकात गमावलेला वेळ माणसे गल्लीत भरून काढू लागली, आणि ही भरपाई शाळेच्या फाटकापुढे होऊ लागली.

काही वर्षांपूर्वी शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी आम्हांला एक पत्र लिहिले. मुले सुटण्याच्या वेळी वाहने भरधाव येतात, महापालिकेकडे गतिरोधकासाठी अर्ज करावयाचा आहे, त्यास रुग्णालयाचे पाठबळ मिळावे, अशी त्यांची विनंती होती. पत्र अत्यंत नम्र होते. आम्ही त्यास उत्तर दिले. गतिरोधकामुळे रुग्णवाहिकेतील अस्थिभंगाच्या व गरोदर रुग्णांना धक्के बसतील, सबब या मागणीस पाठिंबा देता येत नाही, असे आम्ही कळविले. जावक क्रमांक घालून त्या उत्तराची प्रत आमच्या फाइलीत लागली. उत्तर वैद्यकीयदृष्ट्या सयुक्तिक वाटत होते. मात्र ते लिहिताना आम्ही कार्यालयातून उठून शाळेच्या फाटकापर्यंत गेलो नव्हतो. गेलो असतो तर एक साधी गोष्ट दिसली असती. आपल्या रुग्णवाहिका मुख्य रस्त्याकडून येतात आणि शाळेच्या अलीकडेच आपल्या फाटकात वळतात. मुख्याध्यापिकाबाई जेथे गतिरोधक मागत होत्या, त्या जागेवरून आपली रुग्णवाहिका जातच नव्हती.

त्यानंतर जे घडले ते सांगताना आम्ही कोणाचेही नाव घेणार नाही. दुपारी सव्वाबाराला सकाळची शाळा सुटली. तिसरीतली एक मुलगी रस्ता ओलांडण्यासाठी दोन उभ्या मोटारींच्या मधून बाहेर आली. त्या मोटारी आपल्याकडे आलेल्या नातेवाइकांच्या होत्या. मागच्या रस्त्याकडून एक दुचाकी वेगाने आली आणि त्या मुलीला धडकली. दुचाकीवर विशी ओलांडलेला एक तरुण होता. त्याच्या पायांपाशी थर्माकोलचा डबा होता आणि डब्यात रक्ताची पिशवी. ती पिशवी आपल्याच अतिदक्षता विभागात असलेल्या त्याच्या आईसाठी होती. रक्त आणण्यासाठी त्याच्या हाती जो कागद दिला होता, त्यावर आपल्या विभागाने लाल शाईने लिहिले होते, 'त्वरित'.

त्या मुलाने पळ काढला नाही. आमच्या पहारेकऱ्याच्या मदतीने त्याने मुलीला उचलून आपल्या अपघात विभागात आणले, तिला डॉक्टरांच्या स्वाधीन केले आणि मग डबा घेऊन तो वरच्या मजल्यावर गेला. मुलीच्या मांडीचे हाड मोडले होते आणि डोक्याला मार लागला होता. त्याच्या आईला ते रक्त चढले आणि ती बरी होऊन घरी गेली, हेही येथे नोंदविले पाहिजे. पुढील काही दिवस अतिदक्षता विभागाबाहेरच्या एकाच बाकावर एका टोकाला त्या मुलीचे आई-वडील आणि दुसऱ्या टोकाला तो तरुण बसलेला आम्ही पाहत होतो. मुलीचे वडील रंगकाम करतात, आई चार घरी पोळ्या करते. तिसऱ्या दिवशी त्या माउलीने आपल्या डब्यातली एक पोळी त्या मुलापुढे सरकवली. त्याने ती हातात घेतली, पण खाल्ली नाही.

मुलगी वाचली. अभ्यासात वर्ष वाया गेले, चालताना पाय किंचित ओढतो, आणि शाळेत ती आता मागच्या दाराने जाते. तिच्या उपचाराचा खर्च निर्धन रुग्ण निधीतून करण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ सालच्या आदेशानुसार धर्मादाय रुग्णालयांनी आपल्या देयकांच्या दोन टक्के रक्कम या निधीत ठेवावयाची असते, आणि दहा टक्के खाटा निर्धनांसाठी व दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी राखावयाच्या असतात. नोंद नियमानुसार झाली, वही जुळली. आमचे सारे आयुष्य वह्या जुळविण्यात गेले आहे. म्हणूनच ही वही जुळली याचे समाधान आम्हांला वाटले नाही. तिच्या वडिलांची बुडालेली मजुरी, आईची सुटलेली कामे, वाया गेलेले शाळेचे वर्ष आणि त्या तरुणाच्या मनावर बसलेला दगड, यांपैकी एकही रक्कम आमच्या खतावणीत आलेली नव्हती. आणि खर्चाचे मूळ शोधत गेलो तर ते आमच्याच दाराशी येत होते. मोटारी आपल्या रुग्णांच्या नातेवाइकांच्या, घाई आपण लावलेली, आणि ज्याने वेग कमी झाला असता त्या उपायाला नकार आपण दिलेला.

यानंतर आम्ही या विषयाचा जो अभ्यास केला, तो थोडक्यात आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम देशाची स्थिती. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी १५,२२४ मृत्यू एकट्या महाराष्ट्रातील होते. देशातील एकूण मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्के अतिवेगाच्या सदरात नोंदले गेले. बळींमध्ये ३२,८२५ जण पायी चालणारे होते. अठरा वर्षांखालील मुलांचे मृत्यू साडेनऊ हजारांच्या घरात, म्हणजे दररोज सरासरी सव्वीस मुले. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते २९ या वयोगटातील मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण कोणताही रोग नसून रस्ते अपघात हे आहे. आपण क्षयाचा, हिवतापाचा, गोवराचा विचार रुग्णालयाचे कर्तव्य म्हणून करतो. या साथीचा विचार मात्र आपण पोलिसांवर सोपवून मोकळे होतो.

आता वेगाचा हिशेब. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे सव्वाआठ मीटर जाते, तर ताशी ५० किलोमीटर वेगाचे जवळजवळ चौदा मीटर. समोर मूल दिसल्यावर चालकाचा पाय ब्रेकवर पडण्यास एक सेकंद लागतो असे धरू. रस्ता कोरडा आणि ब्रेक उत्तम असतील, तर ३० च्या वेगाचे वाहन एकूण सुमारे चौदा मीटरांत थांबते. ५० च्या वेगाचे वाहन त्याच चौदा मीटरांवर पोहोचते तेव्हा ब्रेक नुकता लागू होत असतो. त्याला थांबण्यास एकूण तीसेक मीटर लागतात. म्हणजे मूल चौदा मीटरांवर असेल तर पहिले वाहन त्याच्यापाशी येऊन थांबेल आणि दुसरे पूर्ण वेगानिशी त्याच्यावर आदळेल. दोन्ही चालक सारखेच सावध, दोघांचे डोळे सारखेच चांगले. फरक फक्त वेगाचा. त्यातही आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की आघात चौपट होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार सरासरी वेगात एक टक्का वाढ झाली की जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. चक्रवाढ व्याजाची धास्ती बाळगणाऱ्या आम्हां हिशेबनिसांनाही हा दर भारी वाटला.

आणि या वेगाने मिळते काय? आपली गल्ली तीनशे मीटरांची. ३० च्या वेगाने ती पार करण्यास छत्तीस सेकंद लागतात, ५० च्या वेगाने साधारण बावीस. बचत चौदा सेकंदांची. अपघातानंतरचा पहिला तास उपचारासाठी मोलाचा असतो, मोटार वाहन कायद्यानेही आता त्याला सुवर्णतास म्हणून मान्यता दिली आहे, मग रुग्णालयाच्या दारात वेग कमी करा असे म्हणणे कितपत योग्य, असा प्रश्न आमच्याच एका सहकाऱ्याने विचारला. आम्ही तो आमच्या ज्येष्ठ शल्यचिकित्सकांपुढे ठेवला. त्यांचे उत्तर असे होते, की सुवर्णतास वाया जातो तो निर्णय घेण्यात, वाहन मिळविण्यात, एका रुग्णालयातून दुसऱ्यात धाडण्यात. गल्लीतल्या चौदा सेकंदांनी वाचलेला रुग्ण त्यांनी अद्याप पाहिलेला नाही, त्या चौदा सेकंदांनी आणलेले रुग्ण मात्र पाहिले आहेत.

लहान मुलांना आपण 'बघून रस्ता ओलांड' असे सांगतो. सांगावयास हवेच. परंतु सात-आठ वर्षांच्या मुलाला येणाऱ्या वाहनाचे अंतर व वेग यांचा अंदाज प्रौढांसारखा करता येत नाही. त्याची उंची उभ्या मोटारीपेक्षा कमी, त्यामुळे त्याला वाहन दिसत नाही आणि चालकाला ते दिसत नाही. चेंडू किंवा मैत्रीण पलीकडे असली की मूल धावते, कारण ते मूल असते. ज्या रस्त्यावर मुलांनी प्रौढांसारखे वागल्याशिवाय जीव वाचत नाही, त्या रस्त्यातच दोष आहे असे मानावे लागते.

हे मानण्याचे धैर्य इतर देशांनी दाखविले आहे. नेदरलँड्स हा आज सायकलींचा देश म्हणून ओळखला जातो. पण १९७१ मध्ये तेथे तीन हजारांहून अधिक माणसे रस्त्यांवर मेली आणि त्यांत चारशेहून अधिक बालके होती. तेव्हा तेथील पालक रस्त्यावर उतरले आणि त्यांनी सरकारला वस्त्यांतील रस्ते बदलावयास भाग पाडले. फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे निम्म्याहून अधिक रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा आहे. जुलै २०२४ ते जुलै २०२५ या बारा महिन्यांत त्या शहरात वाहतूक अपघातात एकही मृत्यू झाला नाही. फेब्रुवारी २०२० मधील स्टॉकहोम जाहीरनाम्यानेही, जेथे पादचारी व वाहने एकत्र वावरतात तेथे ३० ची मर्यादा असावी, असेच म्हटले आहे. आपल्या पुण्यातही ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन पाळण्यात आला, आणि त्या गजबजलेल्या रस्त्यावर लोक मधोमध निवांत चालले. तेव्हा हे आपल्याकडे अशक्य आहे असे म्हणण्यात अर्थ नाही.

याउलट काय घडू शकते हेही या शहराने पाहिले आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात एका अल्पवयीन मुलाच्या हाती असलेल्या महागड्या मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. तो वस्तीतलाच रस्ता होता. त्या प्रकरणाची चर्चा देशभर झाली. परंतु शिकवणीला उशीर होतो म्हणून नववी-दहावीतल्या मुलाच्या हाती स्कूटरची किल्ली देणाऱ्या घरांची संख्या त्यामुळे कमी झाल्याचे आमच्या अपघात विभागाला जाणवलेले नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचे कलम १९९ अ सांगते, की अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जाईल. त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत शिकाऊ परवानाही मिळत नाही. किल्ली देताना हा हिशेबही मनात असावा.

आता गतिरोधकाविषयी, कारण आमची चूक तेथेच झाली. गतिरोधक म्हणजे रस्त्यावर टाकलेला डांबराचा ढिगारा, अशी आपली समजूत झालेली आहे, आणि असे ढिगारे खरोखरच घातक असतात. त्यांवरून घसरलेले दुचाकीस्वार आणि मणक्याला हिसका बसलेले वृद्ध आपल्या अस्थिरोग विभागात येतात. परंतु इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधकाचे माप ठरवून दिलेले आहे. त्याची उंची दहा सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर असावी, आकार गोलाकार असावा, त्यावर ठळक पट्टे असावेत आणि आधी सूचनाफलक असावा. ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्यास त्याचा त्रास होत नाही. त्रास होतो तो वेगाने येणाऱ्यास. म्हणजे रुग्णाच्या धक्क्याचा आमचा आक्षेप चुकीच्या गतिरोधकावर होता, आणि त्यासाठी आम्ही योग्य गतिरोधकालाही नकार दिला. शाळेपुढे तर याहून चांगला उपाय म्हणजे पदपथाच्या पातळीला आणलेला, दोन्ही बाजूंना सौम्य उतार असलेला रुंद पादचारी पट्टा. त्यावरून मुले खाली न उतरता पलीकडे जातात आणि वाहनालाच चढावे लागते.

कायदाही या मागणीच्या आड येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ नुसार, सार्वजनिक सुरक्षिततेसाठी किंवा रस्त्याच्या स्वरूपामुळे आवश्यक वाटल्यास राज्य शासन किंवा त्याने प्राधिकृत केलेला अधिकारी विशिष्ट रस्त्यावर कमी वेगमर्यादा ठरवू शकतो व तसे फलक लावू शकतो. अर्ज करणारा मात्र कोणीतरी हवा, आणि त्या अर्जामागे शेजाऱ्यांच्या सह्या हव्यात.

या वर्षात आम्ही जे केले ते आता निवेदन करतो. सर्वप्रथम आम्ही आमचे जुने उत्तर मागे घेतले. मुख्याध्यापिकाबाईंना आम्ही प्रत्यक्ष भेटलो, क्षमा मागितली, आणि दोन्ही संस्थांच्या नावे महापालिका व वाहतूक शाखेकडे संयुक्त अर्ज केला. त्यात शाळेपुढे उंच पादचारी पट्टा, मागच्या रस्त्याकडून प्रमाणित गतिरोधक, ताशी ३० ची मर्यादा आणि फाटकाच्या दोन्ही बाजूंना वाहने उभी करण्यास मनाई, या चार मागण्या आहेत. बाईंनी आम्हांला चहा दिला आणि एवढेच म्हणाल्या, "साहेब, उशीर झाला, पण आलात."

दुसरे, 'त्वरित' हा शिक्का आम्ही बंद केला. तातडीची औषधे आता विभागातच ठेवली जातात आणि त्यांचा हिशेब नंतर होतो. रक्त आणण्यासाठी रुग्णाच्या नातेवाइकास धाडले जात नाही; रुग्णालयाचा कर्मचारी रुग्णालयाच्या वाहनाने ते आणतो. ज्याची आई आत आहे त्या मुलाने सावकाश गाडी चालवावी अशी अपेक्षा करणे हे आमचेच अज्ञान होते. तिसरे, भेटीची व बाह्यरुग्ण नोंदणीची वेळ शाळा सुटण्याच्या वेळेवर येत होती, ती बदलली. चौथे, रुग्णवाहिकेच्या चालकांना लेखी सूचना दिली, की भोंगा वाट मागण्यासाठी आहे, वेगाचा परवाना म्हणून नव्हे. पाचवे, शाळा भरताना व सुटताना आपला एक पहारेकरी हातात लाल झेंडी घेऊन शाळेच्या फाटकाशी उभा राहतो.

सहावी गोष्ट लहान आहे, पण ती सांगितल्यावाचून राहवत नाही. वळणावरच्या विजेच्या खांबावर आपल्या रुग्णालयाकडे जाण्याचा बाण दाखविणारा मोठा फलक होता. तो नव्याने रंगविण्यासाठी उतरविला, तेव्हा त्याच्या मागे एक जुना, गंजलेला फलक दिसला. त्यावर लिहिले होते, 'पुढे शाळा आहे. वाहने सावकाश हाका.' किती वर्षे तो आमच्या बाणाखाली झाकलेला होता, कोण जाणे. आता तो स्वच्छ करून पुन्हा लावला आहे आणि आपला बाण त्याच्या खाली गेला आहे.

आपणांकडे आमची मागणी काय, असे आपण विचाराल.

विश्वस्त मंडळास विनंती, की पहारेकऱ्याचे वेतन आणि रक्त आणण्याच्या वाहनाचा खर्च ही तात्पुरती तरतूद न समजता अंदाजपत्रकातील कायम बाब मानावी, आणि महापालिकेकडे चाललेल्या पाठपुराव्याचा अहवाल प्रत्येक सभेत मागावा. काम आमच्याच हातून पुन्हा फाइलीत जाऊ नये म्हणून आम्ही हे मुद्दाम मागत आहोत.

देणगीदारांना आम्ही यंत्रासाठी, खोलीसाठी, खाटेसाठी हात पसरत आलो आणि आपण तो कधी रिकामा परत पाठविला नाही. यंत्रावर आपले नाव कोरता येते. जी खाट रिकामी राहिली, जे मूल इथवर आलेच नाही, त्यावर कोणाचेही नाव कोरता येत नाही. तरीही या कामासाठी जे देतील त्यांचे ऋण आम्ही विशेष मानू.

रुग्णांच्या नातेवाइकांना विनंती अशी, की आपले माणूस आत आहे तोवर बाहेरची धावपळ आमच्यावर सोपवा. गल्लीत गाडी उभी करू नका, आवारात जागा नसेल तर पहारेकऱ्यास विचारा. शाळकरी मुलाला दुचाकीवर बसविता तेव्हा त्याच्याही डोक्यावर हेल्मेट असू द्या. चार वर्षांवरील मुलांना ते कायद्याने आवश्यक आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या बालकासाठी हेल्मेट व चालकाशी जोडणारा सुरक्षापट्टा आवश्यक असून, बालक सोबत असताना वेग ताशी ४० च्या वर जाता कामा नये, असा नियम २०२३ च्या फेब्रुवारीपासून लागू आहे.

आणि अपघात दिसलाच, तर थांबा. जखमीला रुग्णालयात आणणाऱ्यास पोलीस किंवा न्यायालय यांच्याकडून त्रास होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने त्या संरक्षणास कायद्यात स्थान मिळाले. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. ५ मे २०२५ रोजी केंद्र शासनाने अधिसूचित केलेल्या योजनेनुसार अपघातग्रस्तास नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख न भरता उपचार मिळू शकतात. पैशाच्या भीतीने कोणी जखमीपासून दूर जाऊ नये.

आमच्या संयुक्त अर्जावर महापालिकेच्या अभियंत्यांनी जागेची पाहणी केली आहे. काम अद्याप व्हावयाचे आहे. तोवर झेंडी घेतलेला आपला पहारेकरी तेथे उभा आहे. तो तोच पहारेकरी आहे, ज्याने त्या दिवशी त्या मुलीला उचलून आणले होते. हे काम त्याने स्वतः मागून घेतले. दुपारी सव्वाबाराला कधी सवड मिळाली, तर आपण फाटकापर्यंत यावे. घंटा होते, तो झेंडी आडवी धरतो, गाड्या थांबतात आणि मुले पलीकडे जातात. सारे मिळून अर्ध्या मिनिटाचे काम.

पुढील वर्षीच्या अहवालात त्या गल्लीतून अपघात विभागात आलेल्या बालकांच्या संख्येपुढे शून्य लिहिण्याची संधी आम्हांला मिळावी, एवढीच प्रार्थना. आजवर वह्यांमधून शून्य आला की आम्हांला चिंता वाटत असे. या एका शून्याची आम्ही मनापासून वाट पाहत आहोत.

 परत जाताना गल्लीतून सावकाश जावे, ही नम्र विनंती.